एआयकडून छातीचा एक्स-रे वाचून घेताना

विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) किंवा यंत्रमागांच्या गल्ल्यांत क्षयरोगाचं शिबिर लावताय? आधी वय विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एआय वाचनाची शिफारस केली ती 15 वर्षं व त्यापुढच्यांसाठी. मुलांचा एक्स-रे डॉक्टरच पाहतील.

मंगळसूत्र, ताईत काढायला लावा, वेणी वर बांधा. खांदे पुढे, श्वास पूर्ण भरून रोखलेला. अर्धवट श्वासात फुफ्फुसाचा तळ पांढुरका दिसतो आणि एआय उगाच आकडा चढवू शकतं. मूळ डायकॉम फाइलच (एक्स-रे यंत्रातून निघणारी डिजिटल फाइल) द्या. खिडकीला फिल्म धरून काढलेल्या मोबाइल फोटोत चकाकी येते.

अनेक सॉफ्टवेअर क्षयाच्या संशयाला 0 ते 100 गुण देतात. 60 गुण म्हणजे क्षयाची 60 टक्के शक्यता नव्हे, इथेच बरेचजण फसतात. किती गुणांपुढे थुंकी तपासायची ती सीमा आपल्याकडच्या थुंकी तपासणीशी ताडून ठरवा. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की पुन्हा. बऱ्या झालेल्या क्षयाचे जुने व्रणही गुण वाढवतात, म्हणून ‘आधी टीबीची औषधं घेतली होती का?’ हे विचाराच.

सीमेपुढच्यांची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (थुंकीत क्षयाच्या जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) करा. डबीत खोकून काढलेला बेडका हवा, लाळ नको. गुण कमी, पण दोन आठवडे खोकला? तरीही थुंकी घ्या.