तळ्याकाठचं शोअर लंच कसं करायचं

कॅनडात उत्तर-पश्चिम ओंटारियोत, केनोरा गावाच्या पलीकडे, बऱ्याच फिशिंग लॉजना, म्हणजे मासे पकडायला येणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागांना, रस्ताच नाही, माणसं आणि सामान दोन्ही पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून येतात. मग सामान पण टिकाऊच, बटाटे, कांदे, पीठ, बीन्सचे डबे आणि लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. मासा तळ्यातला. सकाळी पकडायचा, दुपारी काठावरच चूल पेटवून तळायचा, हेच शोअर लंच.

चार जणांना साधारण १ किलो काटे काढलेला मासा, तेवढेच बटाटे, २ मोठे कांदे. मासा शक्यतो वॉलआय, कॅनडातले लोक त्याला पिकरेल म्हणतात. पांढरं मांस, काटे कमी. पाईक नावाचा मासा मिळाला तरी चालतो पण त्यात इंग्रजी Y अक्षरासारखे काटे असतात, ते काढता येत नसतील तर नादी लागू नका.

आधी चूल. दगडांच्या मधे लाकडं, पेटवायला बर्च झाडाची पडलेली साल घ्या, ती ओली असली तरी पेटते. जाळ थोडा खाली बसला की बिडाची खोलगट कढई ठेवून लार्ड वितळवा, पण अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, उतू जाऊन पेट घेतला तर पाणी अजिबात टाकायचं नाही, झाकणच ठेवायचं. म्हणून झाकण आधीपासून हाताशी असू द्या.

बटाटे आधी तळायचे, मासा शेवटी. इथेच सगळे चुकतात, मासा आधी तळला की बटाटे होईपर्यंत तो गार आणि मऊ पडतो. बटाट्याच्या चकत्या अर्ध्या शिजल्या की त्यातच कांदा टाका, लालसर झाले की काढून मीठ मिरपूड.

तोवर मासा फडक्याने नीट पुसून घ्या, ओला राहिला तर चरबी अंगावर उडते आणि कुरकुरीतपणा पण जातो. मैदा आणि मक्याचं जाडसर पीठ निम्मं निम्मं, मीठ, मिरपूड, थोडी लाल तिखट पूड, त्यात तुकडे घोळवायचे, आपण सुरमईला रवा लावतो तसंच की. चरबीत चिमूटभर पीठ टाकून बघा, लगेच तडतडलं तर तुकडे सोडा, एका वेळी चार-पाचच, नाहीतर चरबी गार होते. प्रत्येक बाजूला २-३ मिनिटं बास.

बीन्सचा डबा उघडूनच निखाऱ्याजवळ ठेवा हां, बंद ठेवला तर फुटतो!

घरी करायचं असेल तर रावस घ्या आणि लार्डऐवजी साधं तेल, चव थोडी वेगळी येते पण मस्त लागतं.

जेवण झालं की उरलंसुरलं तिथेच टाकून येऊ नका, वासाने अस्वलं येतात. कढई बाजूला घेतल्यावर चुलीवर पाणी ओता, राख हलवा, परत ओता, हात लावून गार लागली की मगच बोटीत बसायचं.