खाऱ्या पाण्याचा पहिला टँक लावताय? पाणी तपासताना या चुका टाळा

वाळू, लाइव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरिया असलेले समुद्रातले दगड), मिठाचं पाणी घातलं की टँक तयार वाटतो आणि लोक त्याच आठवड्यात क्लाउनफिशची जोडी घेऊन येतात, पण अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) खाणारे बॅक्टेरिया तोवर जमलेलेच नसतात. त्यांना साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आधी अमोनिया वर जातो, मग बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, शेवटी नायट्रेट; यालाच सायकल म्हणतात. २ पीपीएम (लिटरला साधारण २ मिलिग्रॅम) अमोनिया टाकून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासा आणा. खाऱ्या टँकमध्ये पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे घाई केली की जीव जातो बिचाऱ्यांचा.

पाणी कुठलं घ्यायचं? जुहू किंवा अलिबागचं समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणू नका, किनाऱ्याजवळ सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. घरातलं खायचं मीठ तर अजिबात नको, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम नसतं. मरीन सॉल्टच घ्या, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, नक्की किती ते पाकिटावर बघा. मीठ वेगळ्या बादलीत, पाण्यात मीठ टाकत (उलट नाही) पंप लावून दिवसभर फिरवायचं. आणि किचनमधला आरओ बघा, बऱ्याच फिल्टरमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, म्हणून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून आकडा शून्याच्या जवळ आहे का ते बघितल्याशिवाय वापरू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ खारटपणा मोजण्यात होतो. काट्याच्या हायड्रोमीटरला (घनतेवरून खारटपणा दाखवणारं साधन) बुडबुडे चिकटले की काटा वर जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं, मग लोक पाणी पातळ करत बसतात. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारा) घ्या, पण तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणावरच सेट करा. टार्गेट विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५. आटलेल्या पाण्याच्या जागी कायम गोडं आरओ पाणीच घाला, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. १०० लिटरच्या टँकमधून २ लिटर गेलं की ३५ पीपीटीचं साधारण ३५.७ होतं, चार दिवस लक्ष दिलं नाही तर बघा किती होईल! मुंबई पुण्याच्या उन्हाळ्यात तर हे फारच भराभर होतं, त्यात २६ डिग्रीच्या आसपास ठेवायला पंखा लावला की अजूनच आटतं.

टेस्ट किटमध्ये नायट्रेटची दुसरी बाटली जोरात हलवली नाही तर तळाशी बसलेला पदार्थ येतच नाही आणि नायट्रेट शून्य दिसतो, लोक खूश! निदान अर्धा मिनिट हलवा, दिलेला वेळ घड्याळ लावून थांबा आणि रंग दिवसाच्या उजेडात, खाऱ्या पाण्याच्या चार्टवरच जुळवा, गोड्याच्या नाही. सायकल चालू असताना नायट्राइटमुळे नायट्रेटही फुगलेला दिसतो, तेव्हा त्या आकड्यावर विश्वास नको.

मासे वर येऊन धापा टाकतायत आणि अमोनिया दिसतोय, तर पाव टँक पाणी बदला, नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान जुळवूनच, आणि हवेचा पंप चालू ठेवा (लाइट जाते तिथे बॅटरीवाला पंप आधीच घेऊन ठेवा). मासे ठीक आहेत पण अमोनियाचा ०.२५ पीपीएम आकडा हटतच नाही? तीच टेस्ट साध्या आरओ पाण्यावर करा, तिथेही तोच रंग आला तर टँक नाही, किट बिघडलंय, एक्स्पायरी बघा.