मेंब्रेनचा धडा पाठ नका करू, असा करा (अकरावी अन् बीएस्सी फर्स्ट इयरवाल्यांसाठी)

आपल्या यवतमाळ-वाशिमकडच्या गावातून यंदा सायन्सला गेलेल्या पोरापोरींसाठी लिहून राहिलो. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी मीडियमचा, पुढं बीएस्सी केली अन् आता कॉलेजात बायोचे प्रॅक्टिकल घेतो. दरवर्षी पाहतो, सेल मेंब्रेन (पेशीचं पातळ आवरण) आलं की पोरं डिफ्युजन, ऑस्मोसिस, अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्टचा तक्ता घोकतात अन् प्रश्न जरासा फिरवून आला की तिथंच अडकतात.

तक्ता ठेवा बाजूला. कोणताही पदार्थ समोर आला की दोनच गोष्टी विचारायच्या, हा चरबीच्या थरातून जाऊ शकतो का, अन् जास्तीकडून कमीकडे चाललाय की उलटा. मेंब्रेन म्हणजे फॉस्फोलिपिडचे (एक प्रकारची चरबी) दोन थर, जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर, अन् त्यात जागोजागी प्रोटीन (सिंगर-निकोल्सनचं फ्लुइड मोझेक मॉडेल, 1972, हे वर्ष विचारतातच). ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड लहान, चार्ज नाही, सरळ आरपार. सोडियम-पोटॅशियमवर चार्ज आहे, चरबी त्यांना जाऊ देत नाही, प्रोटीन लागणारच. ग्लुकोजवर चार्ज नाही पण ते मोठं अन् पाण्यात विरघळणारं, म्हणून त्यालाही प्रोटीन. पाणी थोडंफार थरातून जातं, पण भराभर जायला अ‍ॅक्वापोरिन नावाचं प्रोटीन, त्याच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रेला 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. अन् उलट्या दिशेनं न्यायचं तर एनर्जी हवी, सोडियम-पोटॅशियम पंप (हेही मेंब्रेनमधलं प्रोटीनच) एक एटीपी (पेशीत एनर्जी पुरवणारा रेणू) खर्चून 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो.

आता ओआरएसचं पाकीट घ्या, उन्हाळ्यात आपल्याकडं घरोघरी असतंच. मागं वाचा, एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज. काऊन? चवीसाठी नाही बरं. लहान आतड्याच्या पेशीत एक प्रोटीन आहे जे एका ग्लुकोजसोबत 2 सोडियम आत घेतं, अन् पेशीत सोडियम कमी ठेवायचं काम तोच वरचा पंप करतो, म्हणून सोडियम आत यायला तयारच असतं, ते येताना ग्लुकोजला ओढून आणतं अन् दोघांच्या मागं पाणी येतं. कॉलऱ्यातही हे प्रोटीन काम करत राहतं, म्हणून तर साखर-मिठाच्या पाण्यानं जीव वाचतात! इथं ग्लुकोजसाठी एटीपी थेट लागत नाही, पंपानं आधी खर्च केलेला असतो, याला सेकंडरी अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट म्हणतात. हे एक उदाहरण नीट समजलं की अर्धा धडा झाला समजा.

बाकी अर्धा प्रॅक्टिकलमधे आहे, ते दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवू नका, स्वतः करा. कांद्याच्या जाड पाकळीचा बाहेरून निघणारा जांभळा पापुद्रा स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हर स्लिप. लाईन गेली असंल तर आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीकडं फिरवा, मस्त दिसतं. मग कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या घट्ट पाण्याचा थेंब सोडायचा अन् दुसऱ्या कडेला ब्लॉटिंग पेपर लावून ओढायचा. बघता बघता पेशीतला जांभळा भाग पेशीच्या भिंतीपासून सुटतो, आधी कोपऱ्यात, मग सगळीकडून, अन् मधे गोळा होतो, भिंत मात्र जागच्या जागी. हे प्लाझ्मोलिसिस, बाहेर मीठ जास्त म्हणून पेशीतलं पाणी मेंब्रेनमधून बाहेर जातं. लगेच साधं पाणी सोडलं तर परत फुगतो. वावरात पऱ्हाटीच्या बुडाशी युरिया जास्त पडला अन् ओल कमी असली की झाड करपतं, त्यातही हेच, बाहेरचं पाणी जास्त खारं झालं की मुळाला पाणी घेता येत नाही.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात, भिंत अन् मेंब्रेनच्या मधल्या जागेत काय आहे? बहुतेक जण हवा म्हणतात. तिथं मिठाचं पाणी असतं, कारण भिंत मीठ अडवत नाही, मेंब्रेन अडवते. अन् कांदा लालच घ्या, पांढऱ्यात रंग नसल्यानं नवीन माणसाला काही कळत नाही.