सिंधू ते प्रवरा: नदीकाठच्या प्राचीन संस्कृतींवर लिहिताना या चुका टाळा

शाळेतला प्रकल्प असो, स्पर्धा परीक्षेचं उत्तर असो की गावातल्या प्रदर्शनाचा फलक असो, प्राचीन संस्कृतींवरच्या लिखाणात चुका ठरावीक जागीच होतात. काही हिशेबाच्या असतात, त्या दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरतात. काही जास्त खोल असतात. जमिनीतून निघालेली वस्तू आणि तिच्यावरून कुणीतरी काढलेला अर्थ यांची सरमिसळ झालेली असते आणि ती पुस्तकामागून पुस्तकात तशीच उतरत जाते. आधी हिशेबाच्या चुका पाहू.

‘वर्षांपूर्वी’ आणि ‘इ.स.पू.’ यांची गल्लत

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. ‘४२०० वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला’ हे वाक्य पुढच्या वहीत ‘इ.स.पू. ४२०० मध्ये दुष्काळ पडला’ असं होतं आणि एका फटक्यात घटना जवळपास दोन हजार वर्षं मागे जाते. त्या काळी सिंधूच्या खोऱ्यात शहरंच नव्हती.

पुरातत्त्वाच्या अहवालात ‘आजपूर्वी’ असा उल्लेख आला की त्यातला ‘आज’ म्हणजे १९५० साल. म्हणून आकड्यातून १९५० वजा करायचे. ४२०० वजा १९५० म्हणजे इ.स.पू. २२५०. भूवैज्ञानिकांनी २०१८ साली मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभावरून ज्या ‘मेघालयन’ कालखंडाची सुरुवात निश्चित केली, ती याच सुमाराची.

आणखी दोन हिशेब पाठ असू द्या. इ.स.पू.चे आकडे काळाबरोबर कमी होत जातात, म्हणून तिसरं सहस्रक म्हणजे इ.स.पू. ३००० ते २००१. इ.स.पू. २५६० हे साल सव्विसाव्या शतकात येतं, पंचविसाव्या नाही. दुसरं, शून्य साल नसतं. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, त्यामुळे इ.स.पू. आणि इ.स. अशा दोन सालांमधलं अंतर काढताना दोन्हींची बेरीज केली की एक वजा करावा लागतो.

हडप्पाच्या चार वेगवेगळ्या तारखा

एका पुस्तकात इ.स.पू. ३२५० ते २७५०, दुसऱ्यात २५०० ते १५००, तिसऱ्यात २३०० ते १७५०, चौथ्यात २६०० ते १९००. विद्यार्थी गोंधळतो आणि बहुतेक वेळा घरात जे पुस्तक असेल त्यातला आकडा लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात हे चारही आकडे चार वेगवेगळ्या पद्धतींनी आलेले आहेत.

पहिला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांचा. मेसोपोटेमियात (आजच्या इराकच्या भागात) सापडलेल्या सिंधू धाटणीच्या मुद्रांशी तुलना करून त्यांनी तो काढला होता. दुसरा त्याच खात्याचे नंतरचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांचा. त्यातलं १५०० हे टोक त्यांनी आर्य आक्रमणाच्या कल्पनेशी जुळवलेलं होतं. तिसरा आकडा १९६० च्या दशकात कार्बन-१४ मापनातून, म्हणजे जुन्या लाकडात किंवा धान्यात उरलेल्या कार्बन-१४ च्या प्रमाणावरून वय काढण्यातून, आला. तेव्हा हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखंच होतं असं धरलं जाई. पुढे झाडांच्या वर्षवलयांशी ताळा घातल्यावर ते तसं नसल्याचं दिसलं. त्या ताळ्यानंतर जुन्या तारखा काही शतकं मागे गेल्या आणि नागरी टप्प्यासाठी इ.स.पू. २६०० ते १९०० हा आज वापरात असलेला काळ ठरला.

फरक किती पडतो ते एका उदाहरणावरून पाहा. मापन ३७०० आजपूर्वी आलं, तर सरळ वजाबाकीने इ.स.पू. १७५० मिळतं. ताळा घातल्यावर तोच नमुना इ.स.पू. २१०० च्या आसपास जातो. म्हणून जुन्या पुस्तकातली कार्बन तारीख उचलताना ती ताळा घातलेली आहे की नाही ते आधी बघा. पुस्तक १९७० च्या आधीचं असेल तर ती घातलेली नाही असंच धरून चाला.

‘२६०० ते १९००’ हे फक्त शहरांचं वय आहे, हेही लिहायला विसरू नका. त्याआधीचा आरंभीचा टप्पा इ.स.पू. ३३०० च्या सुमारास सुरू होतो आणि १९०० नंतरचा उत्तर टप्पा काही भागांत १३०० पर्यंत चालतो.

समकालीन कोण, ते न तपासणं

तक्त्यात हडप्पा, बॅबिलोनचा राजा हम्मुराबी आणि इजिप्तचा राजा तुतनखामेन एका ओळीत बसवलेले दिसतात. इजिप्तच्याच खूफू राजाचा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा, म्हणजे तो मोहेंजोदडोच्या ऐन भराच्या काळातला. हम्मुराबीची कारकीर्द इ.स.पू. १७९२ ते १७५०. तोवर सिंधूची शहरं ओस पडत आली होती. तुतनखामेन तर इ.स.पू. चौदाव्या शतकातला. त्याच्या काळात पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावचे जोर्वे संस्कृतीचे शेतकरी जव पेरत होते. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी तक्ता करत असाल तर हा रकाना जरूर घाला.



उत्खनकांनी ठेवलेलं नाव म्हणजेच पुरावा मानणं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण अभ्यासाचं खरं नुकसान इथे होतं.

‘मोहेंजोदडोचं धान्यकोठार’ घ्या. जमिनीत प्रत्यक्ष काय आहे? विटांचे २७ चौथरे, मध्ये अरुंद वाटा, आणि वर कधीकाळी लाकडी बांधकाम असावं अशा खुणा. सुरुवातीला यालाच गरम हवेचं स्नानगृह म्हटलं गेलं. १९५० मध्ये व्हीलर यांनी त्याला कोठार ठरवलं. पण तिथे जळक्या धान्याचा साठा, साठवणीचे रांजण किंवा पोत्यांवरची मुद्रांकनं (मुद्रेच्या मातीवरच्या छापा) सापडल्याची नोंद नाही. मोठी सार्वजनिक इमारत एवढंच खात्रीने म्हणता येतं. तरीही ‘कोठार होतं, म्हणून कर धान्यात गोळा होत असे, म्हणून मध्यवर्ती सत्ता होती’ अशी तीन मजली इमारत त्या एका नावावर उभी राहते.

‘पुरोहित राजा’ ही १७.५ सेंटिमीटर उंचीची स्टिअटाइट या मऊ दगडाची मूर्ती. तो पुरोहित होता याचाही पुरावा नाही आणि राजा होता याचाही नाही. ‘नर्तकी’ १०.५ सेंटिमीटरची, मेणाच्या साच्यातून ओतलेली. ती नाचते आहे असं मार्शल यांच्या काळातल्या अभ्यासकांना वाटलं. कमरेवर हात ठेवून उभी असलेली मुलगी, एवढंच डोळ्यांना दिसतं.

उपाय सोपा आहे. फलक किंवा उत्तर लिहिताना क्रम असा ठेवा: वस्तू काय, कशाची, किती मोठी, कुठल्या ठिकाणच्या कुठल्या थरात मिळाली, आणि त्यानंतरच ‘अमुक यांच्या मते’. महास्नानगृहाबद्दल लिहायचं तर आधी सांगा की सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असं हे कुंड आहे, विटा जिप्समच्या चुन्यात घट्ट बसवलेल्या आहेत, बाहेरून डांबराचा थर आहे आणि दोन टोकांना पायऱ्या उतरतात. पाणी गळू नये यासाठी घेतलेली ही मेहनत स्वतःच बोलते. धार्मिक विधींचं अनुमान त्यानंतर येऊ द्या, अनुमान म्हणूनच.

मुद्रा आणि मुद्रांकन हे शब्दही अदलाबदलीने वापरू नका. मुद्रा म्हणजे कोरलेला ठसा, मुद्रांकन म्हणजे त्याची ओल्या मातीवर उठलेली छाप. मुद्रा सापडली तर तिचा मालक तिथे वावरला असं म्हणता येईल. मुद्रांकनाच्या मागच्या बाजूला दोरीचे किंवा कापडाचे वळ असतील तर तिथे बांधलेला माल आला होता हे कळतं. दोन्हींवरून निघणारा निष्कर्ष वेगळा असतो.

‘सगळी शहरं एकाच साच्याची’

पश्चिमेला उंच बालेकिल्ला, पूर्वेला खालचं शहर, हे वर्णन मोहेंजोदडो, हडप्पा, कालीबंगनला लागू पडतं. लोथलमध्ये एकाच तटबंदीच्या आत सगळं आहे. धोलावीरा तीन भागांत विभागलेलं आहे, बांधकामात दगड भरपूर आहे आणि भोवती पाणी साठवणारे प्रचंड तलाव आहेत, कारण ते कच्छच्या रणातल्या खडिर बेटावर आहे आणि तिथे बारमाही नदी नाही. ‘नदीकाठची संस्कृती’ या शब्दाला धोलावीरा हा चांगलाच अपवाद आहे.

विटा ‘सगळ्या भाजक्या’ लिहिणंही चूक. कच्च्या विटाही सर्रास वापरात होत्या. समान आहे ते प्रमाण: जाडी, रुंदी, लांबी १:२:४. घरांसाठी साधारण ७×१४×२८ सेंटिमीटर, तटबंदीसाठी १०×२०×४०. वजनांचंही तसंच. लहान वजनं दुपटीने चढत जातात आणि १३.६ ग्रॅमच्या आसपासचं वजन सर्वांत जास्त संख्येने मिळतं.

पूर आला, गाळ साचला, पीक आलं

हे एकच वाक्य नाईल, युफ्रेटिस आणि सिंधू या तिन्हींना चिकटवलं जातं. पण शेतकऱ्याला विचारा, पूर कुठल्या महिन्यात येतो यावर सगळं अवलंबून असतं.

नाईलला पूर येतो इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाने, जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरतं, ओल्या गाळात पेरणी होते, मार्च-एप्रिलमध्ये कापणी. वेळ अगदी सोयीची, शिवाय पुराचं पाणी दरवर्षी क्षार धुऊन नेई. टायग्रिस-युफ्रेटिसला पूर येतो आनातोलियातला (आजच्या तुर्कस्तानातला) बर्फ वितळल्याने, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे शेतात पीक काढणीला आलेलं असताना. आणि शरदात पेरणीला पाणी हवं तेव्हा नद्या आटलेल्या. म्हणून तिथे पूर अडवायला बांध आणि पेरणीला पाणी आणायला पाट, दोन्ही लागले. पाटाचं पाणी कडक उन्हात वाफ होऊन जाई आणि क्षार मागे उरत. निचरा नसलेल्या दक्षिण भागात जमीन खारावत गेली. जव खारं सहन करतो, गहू करत नाही, त्यामुळे तिथे जवाचं महत्त्व मोठं. सिंधूला पूर बर्फाच्या आणि पावसाळ्याच्या पाण्याने उन्हाळ्याअखेरीस येतो, तो ओसरल्यावर गहू-जवाची रब्बी पेरणी. या बाबतीत सिंधू नाईलच्या जवळची.

नकाशा काढताना एवढं पाहा: नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून ‘वरचा इजिप्त’ नकाशात खाली येतो.

कालीबंगनच्या नांगरलेल्या शेताची तारीखही तपासून लिहा. पूर्व-पश्चिम तासं सुमारे ३० सेंटिमीटरवर आणि उत्तर-दक्षिण सुमारे १.९ मीटरवर, म्हणजे एकाच शेतात दोन पिकांची सोय. हे शेत शहराच्या आधीच्या, आरंभीच्या टप्प्यातलं आहे. ते नागरी टप्प्यात दाखवलं तर उत्तर चुकतं.

आधी शेती, मग सगळं

शेती, मग जास्तीचं धान्य, मग मंदिर, मग शहर, अशी पायरीपायरीची मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे, पण तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेने ती मोडली. इ.स.पू. ९५०० च्या सुमारास तिथे पाच मीटरहून उंच कोरीव दगडी खांब उभारणारे लोक शिकार करणारे आणि रानटी धान्य वेचणारे होते. उलट बलुचिस्तानातल्या मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या सुमारास शेती सुरू झाली आणि पहिलं सिंधू शहर उभं राहायला त्यानंतर चार हजारांहून अधिक वर्षं लागली. शेती आली की शहर येतंच, असं नाही.

अंताचं एकच कारण

मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत विखुरलेल्या अवस्थेत सापडलेल्या सदतीस-अडतीस सांगाड्यांवरून व्हीलर यांनी कत्तलीचं चित्र रंगवलं. पण ते सांगाडे एकाच वेळचे नाहीत आणि नंतरच्या तपासणीत बहुतेकांवर शस्त्राच्या जखमा आढळल्या नाहीत. आता त्या जागी ‘दुष्काळाने नष्ट झाली’ हे वाक्य बसलं आहे, तेही अपुरं आहे. पाऊसमान घटलं, नद्यांचे प्रवाह बदलले, मेसोपोटेमियाशी व्यापार थंडावला, लोक पूर्वेकडे आणि गुजरातेत लहान खेड्यांत पांगले. शहरं गेली, मुद्रा आणि लिपी गेली, माणसं राहिली. ‘नाश’ऐवजी ‘नागरीकरणाचा ऱ्हास’ लिहा.

लिपी वाचल्याचे दावे दर काही महिन्यांनी येतात. चारशेच्या आसपास चिन्हं आणि एका लेखात सरासरी पाचच, शिवाय द्विभाषिक लेख एकही नाही. म्हणून ‘अद्याप वाचली गेलेली नाही’ हेच बरोबर उत्तर. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू शहराच्या २०१९ च्या डीएनए अभ्यासाबद्दल लिहिताना तो एका स्त्रीच्या सांगाड्यावर आधारलेला होता हे सांगायला विसरू नका.

दायमाबाद आणि इनामगाव एकाच पोत्यात भरणं

महाराष्ट्रात सिंधू संस्कृती होती का, या प्रश्नावर दोन्हीकडे अतिरेक होतो. प्रवरेकाठच्या दायमाबादला पाच संस्कृतींचे थर आहेत, खालून वर असे: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे. त्यांतला एकच हडप्पाशी थेट नातं सांगतो, आणि तोही उत्तर टप्प्याचा. इनामगाव तर त्यानंतरचं, इ.स.पू. १६०० ते ७०० मधलं. डेक्कन कॉलेजने तिथे बारा हंगाम खोदकाम केलं. पाच खोल्यांचं मोठं घर, पाण्याचा पाट, घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं, पावलं तोडून पुरलेले प्रौढ, असं सगळं तिथे मिळालं. पण हे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या लोकांचं, गाव आहे, सिंधू शहर नव्हे.

दायमाबादच्या काशाच्या चार वस्तू, म्हणजे बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, एकूण वजन साठ किलोंहून जास्त, १९७४ साली सापडल्या. त्यांना सरसकट ‘हडप्पाकालीन’ लिहिलं जातं. पण त्या उत्खननाच्या चरात नाही, तर स्थानिक माणसाला खणताना मिळाल्या, आणि धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण हडप्पाच्या नेहमीच्या काशाशी जुळत नाही असा आक्षेप आहे. उत्तर हडप्पा थराच्या बाजूने बोलणारे अभ्यासकही आहेत. वस्तू हातात आहेत, वजन करता येतं, धातू तपासता येतो. त्या कुठल्या थरात, कुठल्या खापरांच्या शेजारी पडल्या होत्या हे मात्र आता कुणालाच पाहता येणार नाही. गावाबाहेरच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) नांगराला खापर किंवा मणी लागला तर तो उचलून घरी नेऊ नका. जागेवरच राहू द्या, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, गट क्रमांक लिहून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा तहसीलदारांना कळवा.