उतारावरच्या जुन्या द्राक्षबागेतून सेंद्रिय मिश्र रेड वाइन

घराण्याची, अनेक वर्षे पडीक राहिलेली उतारावरची द्राक्षबाग पुन्हा उभी करून तिच्यातून सेंद्रिय रेड वाइन काढायची असेल, तर वेगवेगळ्या वाइनच्या मिश्रणाचा विचार पहिल्या छाटणीपूर्वीच सुरू करावा लागतो. एरवी वाइनमधले दोष सुधारण्यासाठी वापरता येणारी बरीच साधने सेंद्रिय नियमांत वर्ज्य असतात, त्यामुळे एका वाइनची उणीव दुसरीने भरून काढणे हाच मुख्य उपाय उरतो. बाग जितक्या वेगवेगळ्या भागांत ओळखली, तोडली आणि आंबवली जाईल, तितके पर्याय शेवटी हातात राहतात.

पहिले वर्ष ओळख पटवण्यातच घालवावे. जुन्या बागांत एकाच ओळीत अनेक जाती मिसळून लावलेल्या असतात. पानांचा आकार, घडांची ठेवण आणि मणी रंग धरण्याची वेळ पाहून प्रत्येक जातीच्या वेलींना निराळ्या रंगाची फीत बांधावी आणि कच्चा का होईना, नकाशा काढावा. उताराचा वरचा आणि खालचा भागही वेगळा नोंदवावा. वरच्या पातळ मातीत मणी लहान, साल जाड आणि रंग गडद येतो. खाली वाहून आलेल्या खोल मातीत वेल माजते आणि पीक वाढते. मेलेल्या वेलींच्या जागी शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून दाब कलम करण्याचा मोह होतो, परंतु अशी वेल स्वतःच्या मुळांवर वाढते. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये शिरलेल्या फिलॉक्सेरा या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्या नेमक्या या मुळांवाटे. म्हणून ती कीड जिथे आहे, तिथे प्रतिकारक खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर, बांधलेले कलमच लावावे.

छाटणीत घाई करू नये. रानभर पसरलेली वेल एकाच हंगामात पूर्वीच्या आकारात आणण्यासाठी जाड ओलांडे (खोडापासून निघालेल्या जुन्या फांद्या) कापले, की त्या मोठ्या जखमांतून खोड सडवणाऱ्या बुरशा आत शिरतात. कोरड्या हवेत, वेल सुप्त असताना, खोडाच्या खालच्या भागातून फुटलेली एखादी जोमदार काडी राखावी आणि दोन-तीन हंगामांत तिच्यावर नवे खोड उभे करावे. वेल कलमी असेल, तर ती काडी सांध्याच्या वरचीच हवी. सांध्याखालची फूट खुंटाची असते आणि तिच्यापासून हवी ती द्राक्षे मिळत नाहीत. अशक्त वेलींवरचे घड पहिल्या वर्षी काढून टाकावेत.

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला बहुतेक ठिकाणी ३ वर्षांचा संक्रमणकाळ लागतो, आणि जुनी वेल सावरायला साधारण तेवढाच वेळ घेते, हे एका अर्थी सोयीचेच. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक आणि केवडा या तशाच दुसऱ्या रोगासाठी मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते; मात्र तांबे मातीत साचत राहते, म्हणून युरोपीय संघाने त्यावर ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. औषधापेक्षा घडांभोवतीची पाने काढून वारा खेळता ठेवणे अधिक उपयोगी पडते. ओळींमधले गवत मुळासकट उपटू नये, कारण उतारावरची माती तेच धरून ठेवते. गंधकाची फवारणी तोडणीच्या कित्येक आठवडे आधी थांबवावी, नाहीतर आंबवताना सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

तोडणी जातीनुसार आणि भागानुसार स्वतंत्र करावी. २४ ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचे माप) आसपासच्या रसातून साधारण १३.५ ते १४ टक्के अल्कोहोल मिळते. पण केवळ गोडीवर न जाता बिया तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या आहेत का, हे मणी चावून पाहावे. देठ काढून हलकेच फोडलेली द्राक्षे २५ ते ३० अंश सेल्सिअसला आंबवावीत आणि वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा. या काळात साचणारा कार्बन डायऑक्साइड प्राणघातक असतो. टाकीत डोके घालू नये आणि बंद तळघरात एकट्याने उतरू नये. साखर संपल्यावर चोथा पिळून वाइन वेगळी करावी आणि मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर पूर्ण होऊ द्यावे. ते झाल्याशिवाय वाइन टिकवण्यासाठीचे सल्फाइट घालू नये. युरोपीय संघात कोरड्या, म्हणजे साखर जवळपास न उरलेल्या, सेंद्रिय रेड वाइनला एकूण सल्फाइटची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, तर अमेरिकेत नुसते ‘सेंद्रिय वाइन’ म्हणून विकायचे असल्यास वरून सल्फाइट घालताच येत नाही; म्हणून लेबल कोणते हवे, हे आधीच ठरवावे.

आता मूळ काम. समजा, हाताशी ग्रेनाश, शिराझ आणि मूर्वेद्र या तीन जातींच्या द्राक्षांच्या वाइन आहेत. ग्रेनाश फळाळ आणि अल्कोहोलने भरलेली, पण रंगाने फिकी. शिराझ रंग आणि मिऱ्यासारखा गंध देते. मूर्वेद्र उशिरा पिकते आणि टॅनिनचा, म्हणजे साली-बियांतल्या तुरटपणाचा, कणा पुरवते. जी वाइन स्वतःच्या बळावर सर्वांत पूर्ण वाटते, ती पायाला घ्यावी. मोजपात्रात १०० मिलिलिटरचे नमुने करून दुसरी वाइन ५, १०, १५ टक्के अशी वाढवत जावी, पेल्यांवर फक्त क्रमांक लिहावेत आणि कोणता पेला कशाचा, हे चाखणाऱ्याला कळू देऊ नये. माझ्या मते ५ टक्क्यांची भर बहुतेकदा २० टक्क्यांपेक्षा जास्त बोलते, आणि पहिल्याच दिवशी सर्वांत भारदस्त वाटलेला नमुना आठवड्याने अनेकदा थकवणारा ठरतो. म्हणून निर्णय निदान दोन बैठकींनंतरच घ्यावा.

अल्कोहोलचा हिशेब सरासरीने करता येतो: १४.५ टक्क्यांची ६० भाग, १३ टक्क्यांची ३० भाग आणि १२.५ टक्क्यांची १० भाग वाइन मिळून सुमारे १३.९ टक्के होतात. पीएचची मात्र अशी सरासरी चालत नाही. तो नमुन्यातच मोजावा. व्हिनेगरकडे झुकलेली किंवा तबेल्याचा वास येणारी टाकी ‘थोडी मिसळून खपवू’ म्हणून कधीही वापरू नये, त्यातले जंतू साऱ्या साठ्यात पसरतात. तसेच एखाद्या घटकात मॅलिक आम्ल शिल्लक असेल, तर मिश्रण पुन्हा फसफसू लागते, तेही कधी बाटलीत.

प्रमाण ठरल्यावर सगळी वाइन एकत्र करून काही महिने विश्रांती द्यावी, खाली बसलेला गाळ मागे ठेवून ती वरून काढून घ्यावी, सल्फाइट पुन्हा तपासावे आणि मगच बाटल्या भराव्यात. प्रत्येक घटकाच्या चार-सहा बाटल्या न मिसळता, फितीचा रंग आणि बागेतला भाग लिहून वेगळ्या ठेवाव्यात. पुढच्या वर्षीच्या बैठकीत त्या शेजारी उघडायच्या असतात.