काल जमलेली उडी आज का अडते?

काल जिम्नॅस्टिक्समध्ये बॅक हँडस्प्रिंग (मागे झेपावून, हातांवर टेकून पुन्हा पायांवर येण्याची उडी) सुरेख मारली आणि आज पोर मॅटवर हात वर करून नुसतीच उभी. हे नाटक नसतं. उंची झपाट्याने वाढली की अंगाचा तोल बदलतो. कधी मनच कच खातं. प्रशिक्षकांशी बोलून एक पायरी खाली उतरा: उतरता मॅट, पाठीला हाताचा आधार, मग सपाट जमीन. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनेही शेवटची पिळाची (हवेत अंगाला गिरकी देणारी) उडी सोडून बिनपिळाची घेतली, आणि बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवरच्या प्रकारात, कांस्य मिळवलं. आणि हो, स्कूटरवर बसता बसता ‘आज जमली का गं?’ नको. ‘भूक लागलीय?’ एवढं पुरे. घरी पलंगावर सराव तर मुळीच नको; मऊ गादीत हात रुततो, मनगट मुरगळतं.