जुन्या लष्करी पिस्तुलाचा नंबर कसा वाचावा

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हातातलं ब्राउनिंग लंडनहून सावरकरांनी धाडलेल्या २० पिस्तुलांपैकी होतं, हा माग पुढे तपासात लागला. पिस्तूल कुठून कुठे गेलं याला आपल्या गावात तेव्हापासून मोल आहे. शेजारी देवळाली कॅम्प, त्यामुळे एखाद्या लष्करी घरात आजोबांचं वेब्ली हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हर अजून जपलेलं असतं.

सुरुवात कागदांपासून करा. मूळ परवानाधारक हयात नसेल, तर हत्यार घरात ठेवून अभ्यास करत बसू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि मग वारस म्हणून अर्ज करा. शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. जुन्या परवान्यावरचा नंबर उतरवून घ्या, पुढे पडताळायला लागेल.

हत्यार रिकामं असल्याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्या. आणि कृपा करून घासू नका! ओळखीच्या एका घरी चिंच आणि तारेचा ब्रश लावून पिस्तूल लख्ख केलेलं मी पाहिलं, तेव्हा अक्षरशः पोटात तुटलं. शंभर वर्षांचे ठसे एका दुपारी गेले होते. मऊ सुती कापड आणि थेंबभर तेल पुरतं. ठसा पुसट असेल तर खाचेत बोटानं टाल्कम पावडर भरा, टॉर्च बाजूनं तिरपी धरा आणि फोटो काढा.

आता नंबर. नवखा संग्राहक इथेच फसतो, कारण नुसता नंबर काहीच सिद्ध करत नाही. जर्मन लष्करी लुगर घ्या. तिचे नंबर दरवर्षी नव्यानं सुरू होत. चार अंक संपले की पुन्हा एकपासून मोजणी, सोबत ‘ए’, मग ‘बी’ असं अक्षर. डीडब्ल्यूएम आणि एर्फुर्ट या कारखान्यांच्या मालिकाही वेगळ्या. म्हणजे १९१४ च्या आणि १९१७ च्या लुगरवर हुबेहूब तोच नंबर असू शकतो. म्हणून चार गोष्टी एकत्रच लिहा: कारखाना, चेंबरवरचं (गोळी बसते त्या भागावरचं) साल, अंक, अक्षर. मग सुट्या भागांवरचे शेवटचे दोन अंक मुख्य नंबराशी जुळतात का ते पाहा. एखादा भाग जुळला नाही, तर तो नंतर बदललेला असतो आणि किंमत बरीच उतरते.

वेब्ली मार्क ६ वर सांगाड्याचा आणि सिलिंडरचा (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याचा) नंबर ताडून पाहा. हे मॉडेल १९१५ मध्ये सैन्यात आलं. त्याआधीचं साल कुणी सांगितलं तर थांबा. रुंद बाणाचा ठसा म्हणजे ब्रिटिश सरकारी मालकी, बाणाखाली ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची.

दुर्मिळतेचा दावा असेल तर दुप्पट सावध राहा. शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीनं १९४१ मध्ये एम१९११ए१ पिस्तुलं फक्त ५०० बनवली, नंबर एस८००००१ ते एस८००५००. इतक्या थोड्या वस्तूंचे नकली ठसे पाडणारे निघतातच.

नंबर कानशीनं उडवलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर तो उजळवायचे प्रयोग करू नका. विकत तर घेऊच नका. शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली ओळखखुणा पुसणं गुन्हा आहे. विक्रेत्यालाच तुमच्यासमोर पोलिसांना कळवायला सांगा.